सोलण्याची सुरी वेगळी, हाडे काढण्याची वेगळी

आपला प्रश्न असा आहे की, परवान्याने शिकार केलेल्या हरणाचे किंवा रानडुकराचे कातडे सोलणे आणि मग हाडांपासून मांस सोडवणे ही दोन्ही कामे एकाच चांगल्या सुरीने व्हावीत, तर पाते कोणत्या आकाराचे, किती लांबीचे आणि कोणत्या पोलादाचे घ्यावे. आपल्याकडे आधीपासून असलेली 20 सेंटिमीटर लांबीची जाड पात्याची सुरी चालेल का, पाठीवर आकडी असलेली सुरी घेण्यात अर्थ आहे का आणि आपण डावखुरे असल्याने काही वेगळे पाहावे लागेल का, हेही आपण विचारले आहे. या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि माझे मत पक्के आहे: एक सुरी शोधू नका, दोन घ्या. हातातली जाड सुरी या दोन्ही कामांपासून दूर ठेवा.

याचे मुख्य कारण पोलादात नसून हाताच्या हालचालीत आहे. सोलताना एक हात कातडे ताणून धरतो आणि दुसऱ्या हातातली सुरी कातडे व मांस यांच्यामधला पातळ पांढरा पापुद्रा तेवढा मोकळा करते. पात्याचा फुगीर भाग, ज्याला आम्ही पात्याचे पोट म्हणतो, तो या पापुद्र्यावरून झाडू मारल्यासारखा फिरतो आणि टोक जवळजवळ कामाला येतच नाही. हाडे काढताना याच्या नेमके उलट घडते. तिथे टोकच पुढे जाते, तेही बहुतेक वेळा मांसाच्या आत, डोळ्यांना न दिसता, हाडाला चिकटून. ज्या पात्याचे पोट सोलण्यासाठी पुरेसे रुंद आहे ते मांडीच्या हाडाभोवती वळत नाही, आणि जे हाडाभोवती वळण्याइतके अरुंद आहे ते कातड्याखाली फिरवताना चटकन कातड्यात नाहीतर मांसात घुसते. दोन्हींच्या मधले पाते घेतले की दोन्ही कामे अर्धवट होतात. माझ्याकडे शिकायला आलेल्या अनेकांनी आधी हेच केलेले असते.

सोलण्याच्या सुरीचे पाते 8 ते 10 सेंटिमीटर पुरते. नवख्याला ते फार लहान वाटते, पण कातड्याखाली काम करताना टोक कुठे आहे हे बोटांना कळले पाहिजे, आणि लांब पात्यात नेमके तेच कळत नाही. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरत गेलेली असावी. इंग्रजीत ड्रॉप पॉइंट म्हणतात तो हाच आकार, आणि शिकारीच्या सुऱ्यांमध्ये तो रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः बॉब लव्हलेस या अमेरिकी सुरीकाराला दिले जाते. टोक खाली आल्यामुळे ते पात्याच्या मध्यरेषेजवळ राहते, तर्जनी पाठीवर ठेवून त्यावर नेमका ताबा मिळतो, आणि जनावराचे पोट उघडताना ते कोथळ्यात सहसा शिरत नाही. कोथळा किंवा आतडे फुटले की आतली घाण मांसावर पसरते आणि तेवढा भाग कापून टाकावा लागतो, त्यामुळे टोकाची ही ठेवण शोभेची समजू नये. टोक वर उचललेले, मोठ्या पोटाचे खास सोलण्याचे पातेही मिळते. मोठ्या जनावराच्या पाठीवरचे आणि कुशीवरचे कातडे त्याने भराभर सुटते, पण पहिला छेद देणे आणि पायांभोवती काम करणे या दोन्हींत ते अडते. म्हणून पहिली सुरी म्हणून मी ते सुचवत नाही. पात्याची जाडी पाठीशी अडीच-तीन मिलिमीटर पुरे, आणि धारेकडे ते चांगले पातळ होत गेलेले हवे.

पाठीवरच्या आकडीबद्दल विचारलेत, तर ती मला आवडत नाही. नवी असताना ती सुरेख चालते, पोटाचे कातडे चेन उघडावी तसे उघडते. पण आकडीच्या खाचेत केस आणि चरबी अडकते, आतली वक्र धार साध्या दगडावर लावता येत नाही, त्यासाठी बारीक गोल सळई लागते, आणि बहुतेक लोक ती कधीच लावत नाहीत. शिवाय आकडीसाठी पाठीचा भाग खोदल्याने टोकाजवळचे पाते कमजोर होते आणि तर्जनी टेकवायची जागा जाते. तिचे काम दोन बोटे करतात. कातड्याला जेमतेम बोटे जातील एवढा छेद द्यावा, डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आत घालून कातडे वर उचलावे, आणि त्या दोन बोटांच्या फटीत, धार वरच्या बाजूला ठेवून, सुरी पुढे सरकवत न्यावी. बोटे आतड्यांना खाली दाबून ठेवतात आणि सुरी आतून बाहेर कापत जाते. आपल्या बाबतीत हात उलटे होतील एवढेच.

आतून बाहेर कापण्याचा नियम तर संपूर्ण सोलण्याला लागू आहे. केसांवरून कातडे कापले की सुरी पाहता पाहता बोथट होते आणि मांसावर केसांचे तुकडे पडतात. दोष खरे तर केसांचा कमी आणि केसांत बसलेल्या मातीचा जास्त असतो. वाळूचा बारीक कण म्हणजे बहुधा क्वार्ट्झ, आणि तो पोलादापेक्षा कठीण असतो. रानडुकराच्या बाबतीत हे फारच जाणवते, कारण त्याच्या राठ केसांत वाळलेल्या चिखलाचे थर असतात. त्यातच हरणाचे कातडे एकदा सुरू करून दिले की मुठीने दाबत आणि ओढत निम्मे-अधिक सुटते, तसे डुकराचे सुटत नाही. ते खालच्या चरबीला घट्ट धरून असते आणि इंच-इंच कापूनच मोकळे करावे लागते. वयस्क नराच्या खांद्यावर तर कातड्याखाली जाड, चिवट ऊतींचे कवचच असते. हरणासाठी एक सोलायची सुरी पुरते. डुकरासाठी धार लावलेल्या तशाच दोन तयार ठेवाव्यात, असा माझा अनुभव आहे.

बदलता येणाऱ्या पातळ पात्यांच्या सुऱ्या हल्ली लोकप्रिय आहेत. शस्त्रक्रियेच्या चाकूसारखी धार असते, बोथट झाले की पाते काढून नवे बसवायचे. डोक्याचे कातडे जतन करण्यासाठी डोळे, ओठ आणि कान यांच्याभोवती काम करायचे असेल तर त्यांना तोड नाही. पण सांध्यात घालून जरा पिळले की हे पाते तुटते, आणि तुटलेला तुकडा मांसात हरवतो. रक्ताने माखलेल्या बोटांनी पाते बदलणे हाही मोठा धोका आहे. ते नेहमी चिमट्यानेच काढावे आणि वापरलेली पाती मोजून ठेवावीत.

आता हाडे काढण्याची सुरी. हिच्या पात्याची लांबी 13 ते 15 सेंटिमीटर, रुंदी कमी, आणि टोक खरोखर टोकदार हवे. खाटकांच्या व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिक मुठीच्या साध्या सुऱ्या या कामाला उत्तम आहेत. शिकारीच्या सुऱ्या म्हणून सजवून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही महागड्या वस्तूपेक्षा मी त्यांना वरचा मान देईन. इथे खरी निवड असते ती पात्याच्या लवचिकपणाची. ताठ पाते हाडावरून खरवडत जाताना वाकत नाही, त्यामुळे जोर लावता येतो, पण गोलाईत ते थोडे मांस मागे सोडते. फार लवचिक पाते मासळीसाठी ठीक, हरणाच्या मांडीत मात्र ते मनाला येईल तिकडे वळते. मधले, म्हणजे अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम वाकणारे आणि टोकाकडे हलकासा बाक असलेले पाते आपण घ्यावे.

हा बाक कशासाठी असतो ते मागच्या फऱ्यावर काम करताना कळते. मांडीची आतली बाजू वर करून फरा फळीवर ठेवला की स्नायूंच्या गटांमधल्या फटी पांढुरक्या रेषांसारख्या दिसतात. त्यांपैकी योग्य फटीत बोट घातले तर ते जवळजवळ कापावे न लागता हाडापर्यंत उतरते. तिथे सुरीचे टोक हाडावर टेकवून, धार किंचित हाडाकडे झुकवून, वरपासून गुडघ्यापर्यंत एक लांब ओढ द्यावी. टोक हाडावर असेपर्यंत हाताला एक बारीक खरखर जाणवत राहते. ती थांबली की समजावे, आपण हाड सोडून मांसात शिरलो. मग बाकदार पाते हाडाच्या गोलाईला धरून एका बाजूने, नंतर दुसऱ्या बाजूने फिरवले की हाड उघडे पडते, आणि शेवटी त्याच्या खालून टोक नेले की हाड अखंड हातात येते. या सगळ्यात डोळ्यांपेक्षा मनगट जास्त काम करते, म्हणून सुरी हलकी असावी असा माझा आग्रह आहे. खांद्याकडे गोष्ट आणखी सोपी आहे. हरणाला गळपट्टीचे हाड नसते, त्यामुळे पुढचा पाय धडाला केवळ स्नायूंनी जोडलेला असतो. पाय बाहेर ओढून खांद्याच्या पानासारख्या हाडामागे सुरी चालवली की वाटेत एकही सांधा न लागता तो सुटून येतो. त्या सपाट हाडाच्या एका बाजूला मात्र उभी धार असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाते ठामपणे टेकवून खरवडावे लागते. अति लवचिक पात्याची अडचण होते ती इथे.

मांसपेशीवरचा चंदेरी चिवट पापुद्रा काढण्यासाठीही हीच सुरी चालते. टोक पापुद्र्याखाली घालावे, त्याची सुटलेली कड बोटांनी धरून ताणावी, आणि धार मांसाकडे न झुकवता किंचित पापुद्र्याकडे वर ठेवून सरकवावी. दोन्ही सुऱ्यांनी हाड तोडायचे नाही की सांधा उचकटायचा नाही. सांध्यात टोकाने फक्त अस्थिबंध कापावेत, मग सांधा हाताने वाकवला की उघडतो. हाड कापणे अगदीच भाग पडले तर त्याला करवत आहे.

आपली 20 सेंटिमीटरची सुरी जाड पात्यामुळे मांसात पाचरीसारखी घुसते, कापण्याऐवजी फाडत जाते, आणि लांबीमुळे तिचे टोक कुठे आहे ते कळत नाही. लाकूडफाट्याच्या कामाला ती चांगलीच असेल.

पोलादाच्या नावांवर लोक फार वेळ घालवतात. मी थोडक्यात सांगतो. खाटकांच्या सुऱ्यांत सहसा सुमारे 0.5 टक्के कार्बन आणि 15 टक्के क्रोमियम असलेले गंजरोधक पोलाद असते आणि त्याची कठीणता रॉकवेल मापावर 55 ते 57 च्या आसपास ठेवलेली असते. असे पोलाद फार काळ धार धरत नाही, पण हाडाला लागल्यावर त्याचा तुकडा उडत नाही, धार नुसती वळते, आणि धारेच्या सळईवर चार-सहा हलके हात मारले की पुन्हा सरळ होते. हाडे काढण्याच्या सुरीला मला हेच हवे असते. सोलण्याच्या सुरीचा हाडाशी संबंध कमी आणि घासणाऱ्या मातीशी जास्त, म्हणून तिथे 58 ते 60 कठीणतेचे पाते घेणे योग्य. सुमारे 1.5 टक्के कार्बन आणि 12 टक्के क्रोमियमचे डी-2 किंवा 4 टक्के व्हॅनेडियम असलेले एस-30-व्ही ही पोलादे धार खूप टिकवतात, यात शंका नाही. पण ती बोथट झाल्यावर साध्या दगडाला दाद देत नाहीत, हिऱ्याच्या कणांची पाटी लागते आणि हातही बसलेला लागतो. आपण धार लावायला अजून शिकत आहात असे लिहिले आहे, तेव्हा अशी सुरी वर्षभरानंतर घ्यावी. साधे कार्बन पोलाद सुंदर धार घेते, मात्र रक्त ओले राहिले तर त्यावर डाग आणि मग गंज चढतो. काम चालू असतानाच ते पुसत राहण्याची सवय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

धारेचा कोन सोलण्याच्या सुरीला प्रत्येक बाजूने 20 अंशांच्या आसपास ठेवावा आणि हाडे काढण्याच्या सुरीला 18 ते 20. त्याहून पातळ धार हाडावर टिकत नाही. दगडावर आरशासारखी चकाकी आणण्याची गरज नाही. 1000 क्रमांकाच्या दगडाने येणारी, बोटाला जराशी खरखरीत लागणारी धार ओल्या, चिवट तंतूंना जास्त चांगली पकडते. सळई मात्र कमरेला हवीच. सुरी बोथट झाल्यावर सळई हातात घेणे हा उशीर झाला. जोर थोडा वाढवावा लागतो आहे असे वाटताच ती फिरवावी, आणि फिरवताना सुरीचे वजन पडेल एवढाच दाब असावा.

मुठीविषयी मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. उमेदीच्या काळात माझ्याकडे गुळगुळीत लाकडी मुठीची, पुढे बोट अडवणारा उंचवटा नसलेली एक देखणी सुरी होती. एका थंड संध्याकाळी, हात चरबीने माखलेले असताना, टोक मणक्याच्या कडेला अडले, हात पुढे सरकला आणि करंगळी धारेवरून गेली. आतला स्नायुबंध कापला गेला, आणि ते बोट आजही पूर्ण मिटत नाही. तेव्हापासून मी नव्या सुरीचे पाते पाहण्याआधी तिची मूठ पाहतो. मूठ तळहात भरेल इतकी जाड, पृष्ठभाग किंचित खरखरीत, आणि पाते सुरू होते तिथे बोट थांबेल असा उंचवटा, या तीन गोष्टी नसतील तर सुरी खाली ठेवावी. घेण्यापूर्वी हाताला साबण लावून, ओल्या मुठीत ती धरून पाहता आली तर पाहावी. रबरासारखे प्लॅस्टिक, किंवा कापडाचे थर राळेत घट्ट दाबून केलेले जी-10 आणि मायकार्टा हे पदार्थ ओल्या हातात चांगले राहतात. रंग नारिंगी किंवा पिवळा असावा, कारण गवतात आणि अंधुक उजेडात तपकिरी मूठ हरवते, आणि हरवलेल्या सुरीवर कोणाचा तरी गुडघा टेकतो. घडीची सुरी मी या कामाला वापरत नाही. तिच्या सांध्यात आणि खोबणीत रक्त व चरबी जाऊन बसते आणि ती पूर्ण स्वच्छ होत नाही. सुरी नसलेल्या हातात तारेच्या विणीचा किंवा कापला न जाणारा हातमोजा जरूर घालावा.

दोन सुऱ्यांचे आणखी एक कारण स्वच्छतेचे आहे. कातड्याच्या बाहेरच्या बाजूवर माती, विष्ठा आणि जंतू असतात. त्या बाजूला लागलेली सुरी उघड्या मांसाला लावायची नाही, हा कत्तलखान्यांतला जुना नियम आहे, आणि युरोपातल्या कत्तलखान्यांना तर हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी किमान 82 अंश सेल्सिअसचे पाणी किंवा तितकाच परिणाम देणारी दुसरी सोय ठेवावी लागते. रानात तेवढे गरम पाणी नसते, म्हणून सुऱ्या वेगळ्या असलेल्या बऱ्या. कातडे उतरले की पहिली सुरी बाजूला ठेवावी, हात धुवावेत, आतले पातळ हातमोजे बदलावेत आणि मगच दुसरी सुरी उचलावी. सशांमधून टुलरेमिया आणि रानडुकरांमधून ब्रुसेलोसिस हे आजार त्वचेवरच्या बारीक जखमेतूनही माणसाला होतात, त्यामुळे हातमोज्यांचा कंटाळा करू नये.

आपल्या शिकारीच्या प्रदेशात हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा जीवघेणा आजार आढळत असेल, तर मेंदू आणि कणा यांना सुरी किंवा करवत लावायचीच नाही. त्याचे प्रायॉन, म्हणजे हा आजार पसरवणारी बिघडलेली प्रथिने, उकळत्या पाण्याने नष्ट होत नाहीत. गंजरोधक पोलादाच्या पृष्ठभागावर घरगुती ब्लीचचे 40 टक्के द्रावण पाच मिनिटे ठेवल्याने ते निष्प्रभ होतात असे प्रयोगांत दिसले आहे, मात्र पात्यावर मांसाचा कणही चिकटलेला असता कामा नये, आणि ब्लीचनंतर पाते लगेच भरपूर पाण्याने धुवून पुसावे, नाहीतर त्यावर खड्डे पडतात. हाडांवरून मांस सोडवण्याची पद्धत इथे आपोआप उपयोगी पडते, कारण तीत कणा कापावाच लागत नाही.

सुरी ओली असताना चामड्याच्या म्यानात घालू नये. चामडे ओल धरून ठेवते आणि गंजरोधक म्हणवणारे पातेही त्यात डागाळते. प्लॅस्टिकचे, तळाला भोक असलेले म्यान धुता येते आणि पाणी निथळून जाते.

राहिला आपल्या डावखुरेपणाचा प्रश्न. वर सांगितलेल्या सुऱ्यांची धार बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखी लावलेली असते, त्यामुळे पात्याची अडचण येत नाही. फक्त एकाच बाजूने घासलेली हाडे काढण्याची पातीही मिळतात आणि ती सहसा उजव्या हातासाठी असतात. डाव्या हातात ती हाडापासून दूर पळतात, तेव्हा घेण्यापूर्वी पाते टोकाकडून डोळ्यांसमोर धरून दोन्ही उतार सारखे आहेत का ते पाहावे. बोटांसाठी खोबणी कोरलेली मूठ टाळावी, आणि म्यानाची पट्टी उलट्या बाजूला लावता येते का एवढे विचारून घ्यावे.